कागद फाडल्याचा आवाज

गेल्या नोव्हेंबरात ऑफिसातल्या सहा जणांना घेऊन रायगडावर गेलो होतो. मी मूळचा पोलादपूरचा आणि रायगड शेजारच्या महाड तालुक्यात, त्यामुळे गाइडगिरी आपोआप माझ्याकडे आली. (रोपवेने गेलो. पायऱ्यांनी जाणाऱ्यांनी कृपया पुढचं वाचताना नाकं मुरडू नयेत.)

राजसभेत पोचल्यावर मी नेहमीचा प्रयोग लावला. रायगड पाहिलेल्यांना तो माहीत असेलच. एक जण सिंहासनाच्या बाजूला उभा राहतो, बाकीचे दुसऱ्या टोकाला नगारखान्याच्या दाराशी. मधलं अंतर सुमारे २२० फूट. तिकडचा माणूस कागद फाडतो किंवा हळूच पुटपुटतो आणि ते इकडे स्पष्ट ऐकू येतं. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी ना माइक होता ना स्पीकर. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या, आग लागली, वाडे जळाले. आज सभेवर छप्परसुद्धा नाही, पण ही करामत अजून चालते. मी लहानपणापासून दहा-बारा वेळा तरी पाहिली आहे. चुकलो, ऐकली आहे.

तर आमच्यातल्या एकाने तिकडे कागद फाडला. इकडे पाचही जण एकदम "आयला, भारी!" म्हणाले. मला काहीच ऐकू आलं नाही. वारा असेल म्हणून मी त्याला पुन्हा फाडायला सांगितला. तरी नाही. तिसऱ्यांदा मी सहज मान वळवून उजवा कान पुढे केला आणि "टर्र" असा बारीक आवाज स्वच्छ आला. मान परत फिरवली की गायब. तेव्हा मी हसून विषय बदलला आणि हिरकणीची गोष्ट सांगायला घेतली, पण परत येताना गाडीत सगळे झोपल्यावर मी कानाशी बोटं चोळून बघत होतो. आधी उजव्या कानाशी, मग डाव्या. बगची खात्री करण्यासाठी तो पुन्हा घडवून बघायचा, ही आमच्या धंद्यातली खोड.

एवढ्याशा गोष्टीने माणूस घाबरेल का? मी घाबरलो, कारण आमच्या घरात अण्णा होते.

अण्णा म्हणजे माझे आजोबा. आमच्या महाड-पोलादपूर पट्ट्यातली पुरुषमंडळी पिढ्यान् पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत होती. गावात बायका, म्हातारे आणि भातशेती, आणि कमावता माणूस परळ-लालबागच्या गाळ्यात दहा-पंधरा जणांबरोबर. अण्णा विशीत गेले ते थेट साचेखात्यात. साचा म्हणजे माग. गिरणीतली ही भाषा एकदम खास, 'थ्रॉसल'चं 'त्रासन' करणारी. एका शेडमध्ये शेकडो साचे, आणि प्रत्येकात लाकडी धोटा मिनिटाला दीड-दोनशे वेळा इकडून तिकडे आपटतोय. दत्ता सामंतांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला आणि अण्णा ट्रंक घेऊन गावी आले. ते परत गेलेच नाहीत. अडीच लाखांच्या आसपास कामगार होते त्या संपात. त्यातल्या किती जणांनी गावी परतताना बहिरेपण बरोबर आणलं, हे मोजायला मात्र कोणी बसलं नाही.

मला आठवतात ते अण्णा म्हणजे ओट्यावर बसलेले आणि मोठमोठ्याने बोलणारे. त्यांच्याबद्दल घरात एक वाक्य ठरलेलं होतं: "त्यांना कामापुरतं बरोब्बर ऐकू येतं." आणि तसं दिसायचंही. एस्टीचा हॉर्न कशेडीच्या बाजूने वाजला की त्यांना कळायचं. बैल हंबरला की कळायचं. चावडीवरच्या पुरुषमंडळींशी तासन् तास गप्पा व्हायच्या. पण आजी स्वयंपाकघरातून काही म्हणाली की ढिम्म. आम्ही नातवंडं बोललो की, "काय? काय?" एकदा आजी म्हणाली, "साखर संपल्ये." त्यावर अण्णा म्हणाले, "भाकर नको, आत्ताच जेवलो." आम्ही हसून लोळलो. पुढे तो घरातला कायमचा विनोद झाला. आजी मात्र हसायची नाही. ती म्हणायची, "सत्तावीस वर्षं मुंबईत राहून बायकोचं ऐकायची सवयच नाही राहिली ह्यांना."

अण्णा २०१४ मध्ये गेले. त्यांचे कान कधीही कोणीही तपासले नव्हते. बी.पी. तपासलं, मोतीबिंदू काढला, दात बसवले. पण कानांचं काय, "वय झालं" म्हटलं की संपलं.

असो. रायगडावरून आल्यावर रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसलो आणि माझ्या लक्षात आलं की कान तपासण्याचा इतिहास हा खरं तर 'मोजायचं कसं' या एकाच प्रश्नाचा इतिहास आहे. डोळ्यांचं बरं असतं. भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला की झालं, अक्षर तेवढंच राहतं. आवाज मात्र काढला की विरून जातो. दर वेळी तोच, तेवढाच आवाज काढायचा कसा?

आपल्याकडे वर्णन फार जुनं आहे. सुश्रुताने कानाचे २८ रोग मोजले आहेत. त्यात कर्णनाद, म्हणजे कानात आपोआप आवाज येणं, वेगळा आणि बाधिर्य वेगळं. बाधिर्यावर बिल्वतेल सांगितलं आहे. वर्गीकरण चोख, पण किती बहिरा याला आकडा नाही. आकडा पुढे कित्येक शतकं कोणाकडेच नव्हता. इटलीत रामाझ्झिनीने १७०० साली कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं, त्यात व्हेनिसच्या तांबटांबद्दल लिहिलंय की दिवसभर तांबं ठोकून ठोकून त्यांचे कान जातात आणि म्हातारपणी ते पूर्ण बहिरे होतात. हे वाचताना मला पुण्याच्या कसब्यातली तांबट आळी आठवली. तिथून नुसतं चालत गेलं तरी दोन मिनिटांत कानठळ्या बसतात.

'कानठळ्या बसणे' हा आपला शब्दप्रयोग वैद्यकीयदृष्ट्या अगदी अचूक आहे बरं का. मोठ्या आवाजानंतर काही तास कमी ऐकू येतं, मग पूर्ववत होतं. घाट उतरताना बसतात ते दडे, ती वेगळी भानगड. ती हवेच्या दाबाची, जांभई दिली की सुटते. आंबेनळी घाटाने महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणाऱ्यांना त्याची सवय असते. कानठळ्या बसतात तेव्हा मात्र आतल्या पेशी थकलेल्या असतात. रोज त्यांना थकवत राहिलं की एक दिवस त्या उठत नाहीत. प्रत्येक कानात जन्मतः साधारण १५-१६ हजार अशा केसाळ पेशी मिळतात आणि गेलेली पेशी माणसात पुन्हा उगवत नाही. बॅकअप नाही.

मोजण्याकडे पहिलं पाऊल म्हणजे ट्यूनिंग फोर्क. १७११ साली जॉन शोअर नावाच्या इंग्रज वादकाने तो वाद्यं सुरात लावायला बनवला. आपल्या तंबोऱ्यावाल्यांनी त्याची गंमत केली असती, पण डॉक्टरांना तो फार उपयोगी पडला. वेबरने १८३४ मध्ये आणि रिनेने १८५५ मध्ये दाखवलं की हा चिमटा डोक्याच्या मध्यावर किंवा कानामागच्या हाडावर टेकवला, तर दोष कानाच्या बाहेरच्या-मधल्या भागात आहे की आत नसेत, ते ओळखता येतं. आजही कानाच्या डॉक्टरांच्या टेबलावर तो असतोच. पण त्यानेही 'किती' ते नीट कळत नाही.

बाकी ठिकाणी काम भागवायचं ते कुजबुजीवर किंवा खिशातल्या घड्याळाच्या टिकटिकीवर. कुजबूज तर अजूनही चालू आहे. आपल्या सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीत ६१० सेंटिमीटरवरून, म्हणजे वीस फुटांवरून, पाठमोरं उभं करून कुजबुजतात आणि एकेका कानाने ते ऐकू यावं लागतं. महाड तालुक्यात फौजी आंबवडे नावाचं गाव आहे. नावातच फौज, आणि घराघरात फौजी. आमच्याकडच्या पोरांनी ही वीस फुटांची परीक्षा पिढ्यान् पिढ्या दिलेली आहे. पुढे तोफखान्यात काम करून त्यातल्या काहींचे कान गेले असतील, तो भाग वेगळा.

घड्याळाची गोष्ट मला सगळ्यात आवडली. ग्लासगोच्या थॉमस बार नावाच्या कानाच्या डॉक्टरने १८८६ मध्ये बॉयलर बनवणाऱ्या शंभर कामगारांचे कान तपासले. हत्यार काय, तर एक घड्याळ. निरोगी माणसाला ते किती अंतरावरून ऐकू येतं आणि या माणसाला किती, एवढंच बघायचं. शंभरात एकाचंही ऐकणं धड निघालं नाही. सभेतलं भाषण कळत नाही, असं बहुतेकांनी सांगितलं. शंभर माणसं, एक घड्याळ आणि एक पट्टी! आमच्या अण्णांसाठी याहून जास्त काहीच लागलं नसतं, हे वाचून मी जरा वेळ लॅपटॉप बंद करून बसलो.

यंत्राचा जन्म मात्र टेलिफोनच्या घरात झाला. १८७९ साली डेव्हिड ह्यूजेसने बॅटरी, तारांची वेटोळी आणि टेलिफोनचा रिसीव्हर जोडून एक उपकरण केलं. मधलं वेटोळं पट्टीवर सरकवलं की रिसीव्हरमधला आवाज कमी होत होत नाहीसा होतो, आणि पट्टीवर आकडे. त्याचं नाव पडलं 'ऑडिओमीटर'. ग्रॅहम बेलही त्याच सुमारास त्याच खटपटीत होता. त्याची आई बहिरी, बायको बहिरी, आणि तो स्वतः बहिऱ्या मुलांचा शिक्षक. टेलिफोन हे त्या माणसाचं जोडउत्पादन म्हणायला हरकत नाही. (हे आपलं माझं मत.) पुढे १९२२ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिकने निर्वात नळ्यांचं पहिलं विक्रीयोग्य यंत्र काढलं. मग ग्रामोफोनवर चालणारं एक निघालं, ज्यात चाळीस शाळकरी मुलांना एकदम फोन लावून बसवायचे, तबकडीवरचा आवाज आकडे म्हणत म्हणत बारीक होत जायचा आणि मुलांनी ऐकू येतील ते लिहायचे. १९२८ च्या सुमारास टेलिफोनवाल्यांनीच आपल्या मापाला बेलचं नाव दिलं, त्याचा दहावा भाग डेसिबल.

डेसिबलबद्दल जरा थांबतो, कारण इथे इंजिनियरसुद्धा फसतात. हे लॉगचं माप आहे. ३ डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट, १० वाढले की दहापट. म्हणजे ९० आणि १०० मध्ये "थोडासाच" फरक नसतो. कारखान्यात आठ तासांना ९० ही मर्यादा आपल्याकडे वर्षानुवर्षं धरली गेली. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये ९५ ते १०० च्या आसपास आवाज असतो. स्कॉटलंडात डंडी गावच्या ताग विणणाऱ्या बायकांचा अभ्यास १९६५ मध्ये छापून आला. ताग आपल्या बंगालचा. तिथेही आवाज १०० च्या घरात आणि वर्षानुवर्षं काम केलेल्यांचे कान गेलेले. तेव्हा आमचे अण्णा लोअर परळला भर जवानीत चार साचे चालवत होते.

भारतात काहीच नव्हतं असं मात्र नाही. म्हैसूरची वाक्-श्रवण संस्था १९६० च्या दशकाच्या मध्यात निघाली, आणि १९६६ मध्ये मुंबईत नायर रुग्णालयात ऑडिओलॉजीचा अभ्यासक्रम सुरू झाला. नायर म्हणजे मुंबई सेंट्रल. गिरणगावापासून बसने वीस-पंचवीस मिनिटं! १९८३ मध्ये वांद्र्याला अली यावर जंग संस्था आली, पण तोवर संप होऊन अण्णा गावी परतले होते. कारखाने कायदा १९४८ चा, आणि त्यातल्या कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत गोंगाटाने येणारं बहिरेपण पुढे आलंसुद्धा. यादीत आलं म्हणजे साचेखात्यात आलं असं नव्हे.

आणि कान फक्त आवाजानेच जातात असं नाही. आमच्या पट्ट्यात पूर्वी हिवताप फार. त्यावर कोयनेल. ब्रिटिश अमलात त्याच्या पुड्या टपालकचेऱ्यांत विकत मिळायच्या. कोयनेल जास्त झालं की कानात गुंई सुरू होतं. मग क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन आलं, १९४३ चा शोध. १९६० च्या दशकात ते पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्येही बनू लागलं. त्याने लाखो जीव वाचले आणि बरेच कान गेले. जीव वाचत असताना कानाची तक्रार कोण करणार?

आता माझ्या तपासणीचं. आधी महाडला एका डॉक्टरांकडे गेलो. माझी मनोमन इच्छा होती की मळ निघावा. निघाला, पण चिमूटभरच, आणि तोही उजव्या कानातून. त्यांनी ट्यूनिंग फोर्क लावून बघितला आणि म्हणाले, "पुण्याला ऑडिओमेट्री करून घ्या. इथेही होईल, पण तुम्ही तिकडेच असता ना?"

पुण्यात एका दवाखान्यात मला फ्रिजसारख्या जाड दाराच्या खोलीत बसवलं. कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. सोपं वाटतं? दार बंद झाल्यावर पहिल्यांदा स्वतःचं हृदय ऐकू येतं. मग न वाजलेले आवाज वाजायला लागतात. मी दोनदा उगाचच बटण दाबलं आणि काचेपलीकडच्या बाईंनी मान हलवली. उजवा कान संपला, डावा सुरू झाला. जाड स्वर आले, मधले आले, आणि मग बराच वेळ काहीच नाही. मी काचेतून बाईंच्या हाताकडे बघत होतो. हात हलत होता. म्हणजे त्या वाजवत होत्या.

आलेख हातात आला. उजव्या कानाचे लाल गोल सगळे वर, शून्य ते पंधरामध्ये. डाव्याच्या निळ्या फुल्या तशाच सरळ जात होत्या आणि ४००० हर्ट्झला एकदम चाळिसाला खाली. ८००० ला परत वर. आमच्या सर्व्हरच्या ग्राफवर असा खड्डा दिसला असता तर मी रात्री उठून बसलो असतो.

बाईंनी विचारलं, "कोणतं वाद्य वाजवता?"

मी म्हटलं, "ताशा. कॉलेजपासून पथकात, सहा वर्षं झाली."

"शेजारचा ताशा डावीकडे असतो का?"

असतो.

४००० चा तो खड्डा म्हणजे गोंगाटाची सही. १९२० च्या दशकापासून तो ओळखीचा आहे. आपल्या कानाची नळी ३००० च्या आसपासचे आवाज मुळातच वाढवून आत पाठवते, त्यामुळे मार पहिला बसतो तो त्याच्या जरा वरच्या पेशींना. सुरुवातीला माणसाला काही जाणवत नाही. मार चालू राहिला आणि वय त्यात मिसळलं की खड्डा रुंद होत जातो आणि शेवटी उजवीकडची सगळी बाजूच कोसळते. बाईंनी मला समजवायला तशा एका वयस्कर, नाव झाकलेल्या पेशंटचा आलेख दाखवला. मग त्याच्यावर पेन फिरवून कुठले आवाज कुठे बसतात ते सांगितलं. अ, आ, ओ हे स्वर डावीकडे, जाड आवाजांत. पुरुषांचा आवाज, गाड्यांचे हॉर्न, गुरं, हे डावीकडे. स, श, फ, ख ही मंडळी उजवीकडे, कोसळलेल्या बाजूला. बायकांचा आणि मुलांचा आवाजही तिकडेच सरकलेला.

"अशा माणसाला आवाज येतो, शब्द कळत नाहीत," त्या म्हणाल्या. "घरचे म्हणतात नाटक करतायत."

मला पुढचं काही नीट ऐकू आलं नाही, आणि यात कानाचा दोष नव्हता. साखरेतला स आणि ख गेला की काय उरतं? आ आणि अर. त्यातून अण्णांच्या डोक्याने बिचाऱ्याने भाकर केली. जेवणाची वेळ होती, भाकर शक्यही होती.

अजून एक गोष्ट मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या लागली. आमच्याकडे लोडशेडिंगच्या काळात संध्याकाळी दिवे गेले की अण्णा एकदम गप्प व्हायचे. आम्हाला वाटायचं चिडले. लँकेशायरच्या गिरण्यांत विणणारे कामगार ओठांवरून बोलणं ओळखायचे, हे मी वाचलेलं होतं. साचेखात्यात दुसरा इलाजच नसतो. अण्णा आयुष्यभर आमच्या तोंडाकडे बघून ऐकत होते. अंधारात त्यांना ऐकू येत नव्हतं.

दिवाळीनंतरच्या शनिवारी पोलादपूरला गेलो. आजी आता नव्वदीला आलीय. ओट्यावर बसवून तिला माझा आलेख दाखवला, शेजारी अण्णांचा असावा तसा एक कागदावर काढला आणि साखर-भाकरीचं गणित सांगितलं. तिने कागद उलटा धरला होता, मी सरळ करून दिला. ती बराच वेळ काही बोलली नाही.

मग म्हणाली, "म्हणजे ह्यांना माझा आवाजच जात नव्हता?"

"आवाज जायचा गं. शब्द पोचत नव्हते."

"मी मागनं बोलायची ना. चुलीपाशी. समोर येऊन बोलायला पाहिजे होतं." मग थोड्या वेळाने, "ते तरी सांगायचं होतं की."

त्यांना तरी कुठे माहीत होतं, असं मी म्हटलं. ती उठून आत गेली. कागद घेऊन गेली, माझा नव्हे, अण्णांचा.

माझ्यापुरतं सांगायचं तर गेलेला खड्डा भरून येत नाही. पथक सोडायचं जमलं नाही, पण आता कानात फोमचे बोळे घालून वाजवतो. सुरुवातीला पोरांनी चिडवलं, यंदा पथकात आणखी चौघांनी घेतले. हेडफोनचा आवाज निम्म्यावर. सहा महिन्यांनी पुन्हा आलेख काढायचा आहे. जाताना आजीलाही घेऊन जाईन म्हणून तिला विचारलं, चांगलं समोर बसून, तोंडाकडे बघत.

"मला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "तूच हल्ली हळू बोलतोस."